वेदना आणि युक्तिवाद : आनंदीबाई जोशी यांच्या गद्याच्या निमित्ताने

आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) मराठी वाचकाला भेटतात त्या बहुधा श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीतून. हे शीर्षक जोडप्याची दोन नावे सांगते, आणि विवाहितेच्या नावापुढे पतीचे नाव लावण्याच्या मराठी रीतीने ते एकाच स्त्रीचे नावही ठरते. चरित्रकथनाच्या परंपरेत आनंदीबाईंचे जे झाले, ते या संदिग्धतेत आधीच सामावलेले आहे.

या कथनाचा रूढ साचा कार्यकारणाचा आहे. नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावणे, त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी, आणि कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक हाती असताना मृत्यू. ही साखळी हृद्य आहे. पण तीत आनंदीबाई विचार करताना क्वचितच दिसतात. त्या सोसतात आणि सिद्धीस जातात, एवढेच.

त्यांचे स्वतःचे गद्य मात्र या साचात बसत नाही. अमेरिकेला निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर (बंगाल) येथे त्यांनी इंग्रजीतून जे भाषण केले, त्याची उभारणी अपत्यशोकावर नाही. आक्षेपकांचे प्रश्न एकेक घेऊन त्यांना उत्तरे देणे, अशी त्याची रचना आहे. पुरुष वैद्यापुढे जाण्यास स्त्रिया संकोचतात. परदेशी स्त्री-डॉक्टर आहेत, पण भाषा व आचार भिन्न असल्याने त्यांचा पुरेसा उपयोग होत नाही. म्हणून देशी स्त्री-डॉक्टरांची गरज आहे. आज ज्याला आरोग्यधोरण म्हटले जाते, त्याच स्वरूपाचा हा युक्तिवाद आहे. अठरा वर्षे पुरी न झालेली वक्ती श्रोत्यांकडे करुणा मागत नाही. ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा पदवीसाठी लिहिलेला प्रबंधही तिच्याच विषयनिवडीचा पुढचा टप्पा होय. चरित्रांत त्याचे नाव येते. त्याचे वाचन क्वचितच होते.

वेदना त्यांच्या लेखनात नाही, असे नव्हे. ती योग्य जागी आहे. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात बालवयातील लाकडाचा मार, अंगावर फेकलेली पुस्तके व खुर्च्या, सोडून जाण्याची धमकी यांची नोंद वयाच्या आकड्यांसह येते. ही वागणूक चांगली की वाईट, हे ठरवणे कठीण असल्याचे त्या लिहितात. अंतिम हेतू पाहता ती योग्य, मुलीच्या मनावरील परिणाम पाहता अयोग्य. दोन्ही बाजू मांडून तोल कोणत्याच बाजूला झुकू न देणारी ही वाक्यरचना श्रीरामपूरच्या भाषणातीलच आहे. गोपाळरावांना विक्षिप्त द्रष्टे ठरवणारे आणि त्यांना केवळ छळवादी ठरवणारे, असे दोन्ही पक्ष या पत्राचा आपापला अर्धा भाग वाचतात.