चंद्रोदयाच्या दोन प्रती

अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (१९०२–१९८४) यांच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ या छायाचित्राची स्तुती बहुधा एकाच अंगाने केली जाते : क्षण अचूक टिपला. ही स्तुती खोटी नाही. अपुरी मात्र आहे.

१९४१ च्या शरदात ॲडम्स अमेरिकी सरकारच्या अंतर्गत व्यवहार खात्यासाठी राष्ट्रीय उद्यानांची छायाचित्रे घेण्याच्या कामगिरीवर होते. एक दिवस निष्फळ गेला आणि सांटा फे शहराकडे परतताना रस्त्यालगत हर्नांडेझ हे खेडे दिसले : मातीची घरे, लहानसे चर्च, दफनभूमीतले पांढरे क्रूस, मागे हिमाच्छादित डोंगर आणि वर नुकता उगवलेला चंद्र. आठ बाय दहा इंचांच्या फिल्मचा अवजड कॅमेरा घाईघाईने तिपाईवर चढला, पण लाइट मीटर सापडेना. चंद्राच्या तेजस्वितेचा आकडा ॲडम्स यांना पाठ होता. त्यावरून मनाशी हिशेब करून त्यांनी एक सेकंदाचे एक्स्पोजर दिले. दुसऱ्या फिल्मसाठी होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचे ऊन सरले होते.

गंमत अशी की, प्रवासखर्चाच्या नोंदी काटेकोर ठेवणाऱ्या ॲडम्स यांनी या चित्राची तारीख मात्र टिपून ठेवली नाही. साहजिकच चित्र सरकारचे की त्यांचे स्वतःचे, ही शंका राहिली. १९९१ मध्ये डेनिस डी सिको यांनी चंद्राच्या स्थानावरून गणित मांडून १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख काढली. त्या दिवसाचे बिल ॲडम्स यांनी खात्याला लावलेले नव्हते! दौऱ्यांची बिले तपासण्यात उमेद घालवलेल्या प्रस्तुत लेखकास हा तपशील विशेष सुखावून गेला.

क्षणाची तारीख अशी पक्की झाली. चित्राचे मात्र तसे नाही. निगेटिव्हमध्ये खालचा भाग फिकट उतरला होता. १९४८ मध्ये ॲडम्स यांनी तेवढ्या भागावर रसायनाची प्रक्रिया करून तो गडद केला. आरंभीच्या प्रतींत आकाश करडे असून त्यात ढगांच्या पुसट रेघा दिसतात. पुढील दशकांतील प्रतींत ते जवळजवळ काळेभोर होत गेले. पुस्तकांत छापलेल्या अशा दोन प्रती शेजारी ठेवल्या, तर निगेटिव्ह एकच असल्यावर विश्वास बसत नाही.

तरुणपणी पियानोवादक होऊ पाहणारे ॲडम्स निगेटिव्हला स्वरलिपी आणि प्रतीला वादन म्हणत. त्यांची कृती मात्र आपल्या ख्यालगायकीला अधिक जवळची वाटते. लिहिलेल्या स्वरांशी बांधलेल्या वादकापेक्षा बंदिश तीच ठेवून दर मैफलीत नवी बढत करणाऱ्या गवयाशी त्यांचे नाते जुळते.

मग कोणती मैफल श्रेष्ठ? काळ्या आकाशाची प्रत भव्य आहे, तीत क्रूस अधिक लखलखतात, हे मान्य करावेच लागेल. तरीही माझा कौल जुन्या प्रतीला आहे. तीत अजून संध्याकाळ आहे. दिवेलागणीला त्या घरांतून कोणी बाहेर येईल असे वाटते. नंतरच्या प्रतीत संध्याकाळ संपली, काळ उरला; गाव त्या आकाशापुढचे नैवेद्याचे ताट झाले. नाट्य वाढले आणि वस्ती उणावली.

आपणही दोन-चार पिढ्यांपूर्वी सुटलेल्या मूळ गावाची आठवण अशीच सांगत आलो आहोत. दर कथनात आभाळ थोडे अधिक गडद होते, वाडा उजळतो आणि ढगांच्या रेघा पुसल्या जातात. ॲडम्स यांच्या जुन्या प्रती तरी जपल्या गेल्या. त्या शेजारी ठेवून काय गेले ते पाहता येते. आपल्या आठवणींची पहिली प्रत कोणी काढून ठेवली आहे?