पाया कशाचा? दोन पाठ्यपुस्तके आणि कापसाचे एक बोंड

पाठ्यपुस्तक हे समाजात सर्वांत अधिक वाचले जाणारे आणि सर्वांत कमी परीक्षिले जाणारे पुस्तक होय. एखाद्या कवितासंग्रहाच्या शे-दोनशे प्रती निघाल्या तरी त्यावर चार अभिप्राय छापून येतात. ज्या पुस्तकाच्या लक्षावधी प्रती घरोघरी जातात, त्याविषयी मात्र ‘अभ्यासक्रमात आहे’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत शालेय जीवशास्त्राची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील, तर आमचे उत्तर हेच आहे. जे पुस्तक आपल्या मुलांच्या विचाराला वळण लावते, ते समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही.

निमित्त एका शब्दाचे झाले. ‘फाउंडेशन’ हा शब्द आता आपल्या घरांतून नित्य ऐकू येतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. तेव्हा आठवी-नववीपासूनच इंदूरच्या शिकवणीवर्गांत ‘पाया पक्का’ करून घ्यावा, असा विचार धामनोद, धार, देवास येथील पालक करू लागले आहेत. त्यांची काळजी आम्हांस समजते. परंतु पाया कशाचा, हा प्रश्न विचारला की बहुधा उत्तर येते ते परीक्षेचे. जीवशास्त्राचा पाया म्हणजे काय, याचा शोध घेण्यासाठी आम्ही दोन पुस्तके समोर घेतली. एक, सहावी ते आठवीसाठीचे ‘बाल वैज्ञानिक’. दुसरे, एनसीईआरटीच्या नववी-दहावीच्या विज्ञानातील जीवशास्त्राचा भाग. पहिले आज शाळांत नाही. दुसरे मध्य प्रदेश मंडळानेही स्वीकारले असल्यामुळे आपल्या बहुतेक घरांत आलेले आहे.

‘बाल वैज्ञानिक’चे नाव आपल्यापैकी ज्यांनी शिक्षकी पेशा केला, त्यांना अपरिचित नसेल. १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत विज्ञान-शिक्षणाचा एक प्रयोग आरंभिला. १९७८ साली तो त्या जिल्ह्यातील सर्व मिडल शाळांत गेला. १९८२ साली ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या द्वारे हे काम माळवा-निमाडाकडे सरकले. देवास आणि धार येथेही ते पोहोचले. शासकीय शाळा, शासकीय शिक्षक, आणि तरीही पुस्तक, साहित्याची पेटी, परीक्षा हे सारे निराळे. परीक्षेत पुस्तक उघडून उत्तर लिहिण्याची मुभा होती, कारण ज्याचे उत्तर पुस्तकातून उतरवता येईल असा प्रश्नच विचारायचा नाही, हा संकेत होता. मुलांनी मनातले प्रश्न पत्राने विचारावेत म्हणून ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्रही निर्माण केलेले होते. जुलै २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला.

समीक्षकाच्या दृष्टीने या पुस्तकाचा पहिला विशेष म्हणजे त्याचे व्याकरण. ते विधानार्थी वाक्यांत फारसे बोलत नाही. पाने गोळा करा, त्यांचे गट पाडा, गट कोणत्या आधारावर पाडले ते सांगा, शेजारच्या टोळीने निराळे गट पाडले असतील तर त्यांच्याशी वाद घाला. बी भिजवा, रोज पाहा, लिहून ठेवा. फूल उकला आणि त्याचे भाग मांडा. चार-चार मुलांच्या टोळ्या करून ही कामे चालत. वर्गीकरण ही जीवशास्त्राची पहिली पायरी होय, आणि ती नावे पाठ करण्यापाशी सुरू न होता दोन पानांतला फरक ओळखण्यापाशी सुरू होते, हे या पुस्तकाने न सांगता शिकवले. नाव मागाहून आले. जे आधी पाहिले आहे त्याला नाव मिळाले की ते विसरत नाही, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे.

तथापि गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. जे डोळ्यांना वा साध्या भिंगाला दिसते, तेथवर हे पुस्तक उत्तम चालते. त्यापुढे त्याची पावले अडखळतात. आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात, एका जातीतून दुसरी कशी उद्भवते, हे प्रश्न पेटीतल्या साहित्याने सुटत नाहीत. त्यांना येथे जागा थोडीच मिळाली. शिक्षकावरचा भारही जबर होता. ज्या शाळेत शिक्षक उत्सुक, तेथे पुस्तक जिवंत, आणि जेथे नाही तेथे नुसत्या रिकाम्या चौकटी. शिवाय आठवीतून नववीत जाणाऱ्या मुलापुढे एकदम व्याख्यांचा डोंगर उभा राही. त्याला डोळे मिळालेले असत. पाहिलेल्या सुट्या गोष्टी ओवून घेण्यासाठी जो दोरा लागतो, तो हाती आलेला नसे.

तो दोरा दुसऱ्या पुस्तकात होता. एनसीईआरटीच्या पुस्तकाची भाषा कोरडी आहे, पण मांडणी विचारपूर्वक आहे. नववीत पेशी व ऊती, दहावीत जीवनप्रक्रिया, नियंत्रण, प्रजनन, आणि शेवटी आनुवंशिकता व उत्क्रांती. या शेवटच्या प्रकरणात भुंगेऱ्यांचे एक उदाहरण होते. हिरव्या झुडपात लाल भुंगेरे राहतात. कावळ्यांना ते सहज दिसतात व खाल्ले जातात. त्यांत एखादा हिरवा निपजतो. तो पानांत दिसत नाही, म्हणून वाचतो, त्याची संतती वाढते, आणि कालांतराने झुडपात हिरव्यांचीच संख्या अधिक होते. पुढे हत्ती झुडपे तुडवतो आणि केवळ योगायोगाने निळे उरतात, अशी जोड देऊन निवड आणि योगायोग यांतला भेदही दाखवला होता. मुलांच्या पुस्तकात इतके थोडक्यात, इतके स्वच्छ लिहिलेले आम्ही क्वचितच वाचले आहे.

२०२३ साली अभ्यासाचा भार कमी करण्याच्या धोरणात या प्रकरणातील उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि शीर्षकात केवळ ‘आनुवंशिकता’ राहिले. त्याच वेळी नववीतील सजीवांच्या विविधतेचे प्रकरणही गेले. उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहे, हे खरे. पण बारावीत जीवशास्त्र घेतात किती मुले? दहावीनंतर जो वाणिज्याकडे, शेतीकडे, दुकानाकडे वळतो, त्याच्यासाठी दहावीचे पुस्तक हेच जीवशास्त्राचे अखेरचे पुस्तक असते. भार कमी करताना तुळई काढून घेतली आणि विटा मात्र तशाच ठेवल्या, असा हा प्रकार आम्हांस वाटतो.

येथे कोणी म्हणेल, भुंगेऱ्यांची गोष्ट न वाचल्याने व्यवहारात काय अडते? त्याचे उत्तर शोधण्यास धामनोदपलीकडे जाण्याची गरज नाही. मुंबई-आग्रा रस्त्याने विंध्याचा घाट उतरून धामनोदला आले की निमाडची कापसाची शेते लागतात. ज्या २००२ सालच्या जुलैत ‘बाल वैज्ञानिक’ शाळांतून गेले, त्याच सालच्या मार्चमध्ये बीटी कापसाला भारतात लागवडीची परवानगी मिळाली, आणि ज्या राज्यांसाठी ती मिळाली त्यांत मध्य प्रदेश होता. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. पण एकाच वर्षी शाळेतून जीवशास्त्राची एक रीत बाहेर पडली आणि शेतात जीवशास्त्राचे एक नवे प्रकरण शिरले, हा योग विचारात पाडणारा आहे.

बीटी कापूस म्हणजे काय? मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसाच्या झाडात घातलेले असते. त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करते, आणि ते बोंडअळीच्या पोटात गेले की अळी मरते. आता भुंगेऱ्यांची गोष्ट पुन्हा आठवावी. सहस्रावधी अळ्यांत एखादी अशी निपजते, की तिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या की शेत तिचेच. यावर शास्त्रज्ञांनी उपाय सांगितला होता तो असा: बीटी पिकाभोवती काही ओळी साध्या कापसाच्या लावाव्यात. तेथे विषाला बळी पडणारे पतंग जगतात, वाचलेल्या थोड्या काटक पतंगांशी त्यांचा संकर होतो, आणि काटकपणाचा गुण अप्रभावी असल्यामुळे संकरातून झालेली संतती पुन्हा विषाला बळी पडते. म्हणजे मेंडेलची आनुवंशिकता आणि डार्विनची निवड या दोन्ही गोष्टी त्या चार ओळींत एकत्र पेरायच्या होत्या. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी याचसाठी येत असे.

पुष्कळ शेतांत ती पुडी पेरलीच गेली नाही. २०१० साली गुजरातेत पहिल्या पिढीच्या बीटी कापसाला गुलाबी बोंडअळी दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पुढे दुसऱ्या पिढीच्या वाणाचीही तीच गत झाली, आणि २०१७ साली विदर्भात तिने हाहाकार केला. शाळेत उत्क्रांती नीट शिकवली असती तर हे टळले असते, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. अळ्यांसाठी पीक सोडून देणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही. पुडीतले बियाणे सर्वत्र चांगले होते असेही नाही. हंगाम लांबवण्याचा मोहही होता. परंतु ‘ही पुडी कशासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर ज्या घरात कोणालाच ठाऊक नाही, तेथे ती फेकली जाणार, हे उघड आहे. आणि हे उत्तर सांगू शकणारे प्रकरण दहावीच्या पुस्तकात होते.

वस्तुतः शेतातून शास्त्र शिकण्याची परंपरा या प्रदेशाला नवी नाही. १९२४ साली होळकर संस्थानच्या इंदुरात वनस्पतिसंशोधनाची संस्था कापसाच्या अभ्यासासाठीच उभी राहिली, आणि अल्बर्ट हॉवर्ड यांनी तेथे सिद्ध केलेली कंपोस्ट खताची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली गेली. आपल्या गावाचे नाव शास्त्राच्या पुस्तकात गेले. शास्त्राचे पुस्तक मात्र आपल्या गावाच्या शेताकडे पाहावयास विसरले.

आता एक प्रश्न खास आपल्या घरांचा. मुलगा वा मुलगी शाळेतून येऊन म्हणते, पेशी आकुंचन पावते. आजोबा म्हणतात, पेशी म्हणजे सजीवाचा सर्वांत लहान घटक, मग ती हात कसा उचलील? दोघेही बरोबर असतात. हिंदीत पेशी म्हणजे मराठीतला स्नायू, आणि मराठी पेशीला हिंदीत कोशिका म्हणतात. त्यातही हिंदीतला ‘स्नायु’ म्हणजे आपला अस्थिबंध. सुश्रुताने शरीरात पाचशे पेशी मोजल्या, त्या मांसपेशी होत; म्हणजे जुना अर्थ हिंदीने जपला आणि मराठीने तो शब्द नव्या कामाला लावला. या गोंधळावर आपल्या घरांनी सोपा तोडगा काढला: दोन्ही शब्द टाकून इंग्रजी शब्द घ्यावा. आम्हांस तो तोडगा पटत नाही. एकाच शब्दाने दोन भाषांत दोन वाटा धरल्या, हे ज्या मुलाला समजले त्याला संज्ञा ही माणसाने दिलेली खूण आहे, वस्तू निराळी आहे, हे समजले. एकाच पूर्वजापासून दोन भिन्न वंश कसे होतात, याचेही ते घरातले उदाहरण होय. द्विभाषिक घर ही येथे अडचण नसून आपली मिळकत आहे. ती वापरावयास मात्र हवी.

सारांश, आमचे मत असे. जीवशास्त्राच्या पायाला दोन दगड लागतात: पाहण्याची सवय आणि पाहिलेले जोडणारा विचार. ‘बाल वैज्ञानिक’ने पहिला भक्कम बसवला आणि दुसरा अर्धवट सोडला. एनसीईआरटीने दुसरा घडवून ठेवला होता, तो स्वतःच उचलून नेला. शिकवणीवर्गांच्या जाड पुस्तिकांत हे दोन्ही दगड आम्हांस सापडले नाहीत. तेथे थेट तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या रंगवण्याचे काम चालते. असा पाया घेऊन परीक्षा उत्तीर्ण होता येईल, याबद्दल आम्हांस शंका नाही. शंका आहे ती त्यानंतरच्या चाळीस वर्षांची.

पाठ्यपुस्तक बदलणे आपल्या हाती नाही. पण दिवाळीच्या सुमारास निमाडात कापूस वेचणीला येतो, तेव्हा मुलांना एखाद्या ओळखीच्या शेतात नेणे हाती आहे. न उमललेले, गुलाबासारखे मिटून राहिलेले एखादे फूल दिसले, तर विदर्भातले शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात, एवढे त्यांना सांगावे. मग एक किडके बोंड फोडून आतली गुलाबी अळी दाखवावी आणि विचारावे: विष असलेल्या झाडावर ही जगली कशी? उत्तर लगेच सांगू नये. घरी परतेपर्यंत मुले काय काय तर्क करतात, ते ऐकावे.