असेंब्लर आणि संख्येचा अर्थ

शब्द संदिग्ध असू शकतो, अंक मात्र नि:संदिग्ध असतो, असा सर्वसाधारण समज आहे. मूळ संहितेचे यंत्रसंहितेत रूपांतर करणाऱ्या असेंब्लरांचा व्यवहार तपासला असता हा समज टिकत नाही.

‘०१०’ ही लेखनाकृती घ्यावी. नॅझम तिचे मूल्य दहा मानतो; जीएनयू असेंब्लर आरंभीचे शून्य हे अष्टमान पद्धतीचे चिन्ह समजून तेच मूल्य आठ ठरवतो. डावीकडील शून्याने संख्येत फरक पडत नाही, हा शालेय संस्कार येथे घातक ठरतो.

पदावलींचीही हीच अवस्था आहे. ‘१ + २ << ३’ यातील दुसरे चिन्ह द्विमान अंक डावीकडे सरकवण्याचे, म्हणजे येथे आठाने गुणण्याचे होय. नॅझम बेरीज आधी करतो व चोवीस हे उत्तर देतो. जीएनयू सरकवण्यास अग्रक्रम देतो व सतरा हे उत्तर देतो.

या भेदाचे समर्थन सी भाषेच्या आधारे करता येईल काय? आरंभीच्या शून्याचा संकेत सी भाषेतलाच आहे; परंतु त्या भाषेत वरील पदावलीचे मूल्य चोवीस येते. म्हणजे जीएनयूने सीचे अंकलेखन स्वीकारले, अग्रक्रम नाकारला. नॅझमने अग्रक्रम स्वीकारला, शून्याचा संकेत नाकारला. अशी अर्धी उसनवारी परिचयाचा भास निर्माण करते, आणि तोच प्रमादाचे मूळ होय.

याउलट, पीडीपी-११ यंत्राच्या मॅक्रो-११मध्ये सर्व द्विपदी क्रिया समान अग्रक्रमाच्या असून वाचन डावीकडून उजवीकडे होते. तेथे ‘२ + ३ * ४’ म्हणजे वीस. हा नियम अंकगणिताच्या रूढीस सोडून असला, तरी एका वाक्यात सांगता येतो. मायक्रोसॉफ्टचा मॅझम षोडशमान संख्येचा आरंभ अंकानेच व्हावा असा आग्रह धरतो. आरंभी अक्षर आल्यास तो तिला नाम समजतो आणि तसे नाम व्याख्यात नसल्यास दोष दाखवतो. नियम अवजड खरा, तथापि तेथील चूक बहुधा उघड होते. ‘०१०’ची चूक मूकच राहते.

यास्तव संकेताची कसोटी त्याचे सौष्ठव नव्हे, तर गैरसमज झाल्यास तो प्रकट होतो की नाही, ही होय. तोवर पद्धतीचे स्पष्ट चिन्ह आणि कंस हाच संहिताकाराचा आधार.