खरपूस की करपट: क्राफ्ट बिअर चाखण्याची भाषा

विषय क्राफ्ट बिअरचा आहे, पण सुरुवात ग्लासापासून नको, मेन्यूकार्डापासून करू. पुणे, मुंबई, बंगळूर, कुठल्याही मायक्रोब्रूअरीत जाऊन बसा. समोर कार्ड येतं, त्यात सात-आठ बिअरची नावं आणि प्रत्येकीखाली दोन ओळी. क्रिस्प, सिट्रसी, ट्रॉपिकल, स्मूद, रिफ्रेशिंग. आम्ही ही कार्डं समीक्षकाच्या नजरेनं वाचतो, आणि आमची तक्रार अशी की या ओळींत वर्णन असतं, निवाडा नसतो. तो नसणारच म्हणा, विकणारा आपल्याच मालाला नावं कशाला ठेवेल? पण पिणाराही तीच भाषा उचलतो, आणि तिथे गोष्ट बिघडते. ‘सिट्रसी आहे’ म्हटलं की बोलणं संपलं. बिअर जमलीय की फसलीय, हा प्रश्न टेबलावर येतच नाही.

याला आपल्याकडे एक जुनं कारणही आहे. मराठीत दारूविषयी बोलायच्या दोनच तऱ्हा रूढ आहेत, निषेध आणि बढाई. किती वाईट, नाहीतर किती प्यालो. चवीबद्दल बोलायला मध्ये जागाच ठेवलेली नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यापासून आपल्याकडे पिण्यासाठी परवाना लागतो, आणि कागदोपत्री तो परवाना आरोग्य राखण्यासाठी दिला जातो! आता आरोग्यासाठी घेतलेल्या औषधाची चव कोण बघणार? त्यात बाजारात खपते ती मुख्यतः स्ट्राँग बिअर, आणि ती इतकी गार करून प्यायची की जिभेला काही कळूच नये. अशा परिस्थितीत क्राफ्ट बिअर आली, तिच्याबरोबर तिची इंग्रजी भाषाही तयार होऊन आली, आणि आपण ती जशीच्या तशी घेतली. आमचं म्हणणं असं की ही उसनवारी करायची गरज नव्हती. बिअर धान्याची, आंबवलेली, कडू आणि फेसाळ. धान्य भाजणं, मोड आणणं, आंबवणं, कडूपणा सांभाळणं, यातलं काय आपल्या स्वयंपाकघराला नवीन आहे?

उदाहरण घेऊ. आपल्याकडच्या मायक्रोब्रूअरींमध्ये हमखास मिळणारी एक बिअर म्हणजे हेफेवायझन, बव्हेरियाची गव्हाची बिअर. हिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. पुष्कळांना वाटतं यात केळं घातलंय. नाही घातलेलं. केळ्यात जे सुगंधी द्रव्य असतं, आयसोअमाइल अॅसिटेट, तेच या बिअरचं यीस्ट आंबवताना तयार करतं. लवंगेचा वासही यीस्टचाच. आता हिच्या शेजारी बेल्जियमची विटबिअर ठेवा. तीही गव्हाची, तीही गढूळ, पण तिच्यात खरोखरच धने आणि संत्र्याची साल घालतात. ही बिअर १९५० च्या दशकात बंद पडली होती. हूगार्डन गावच्या पिएर सेलिस यांनी १९६६ साली ती पुन्हा सुरू केली. दोन्ही ग्लास एकामागून एक घेतले की एक वास यीस्टनं कमावलेला आणि दुसरा बाहेरून घातलेला, हा फरक नाकाला आपोआप कळतो. शोध शोध म्हणतात तो हा. नवीन नाव ऑर्डर करणं म्हणजे शोध नव्हे.

आणि इथेच निवाडाही करता येतो. केळ्याचा वास आहे, पण कोणत्या केळ्याचा? नुकत्या पिकलेल्या की सालीवर काळे डाग पडून मऊ झालेल्या? आंबवण्याचं तापमान वर गेलं की यीस्ट हा वास भरमसाट सोडतं, आणि बिअर शिळ्या शिकरणासारखी लागायला लागते. कार्डावर दोन्हींना ‘बनाना नोट्स’च लिहिलेलं असतं.

आता काळ्या बिअरकडे या, कारण आमचा मुख्य मुद्दा तिथे आहे. बिअरचं धान्य म्हणजे बार्ली, आपला सातू. तो भिजवायचा, मोड आणायचे, मग भट्टीत सुकवायचा. त्याला माल्ट म्हणतात. मटकीला मोड आणणाऱ्या घरात हे समजावून सांगायला नको. हे माल्ट किंवा नुसती बार्ली कडक भाजली की स्टाउट आणि पोर्टरचा काळा रंग येतो. इंग्रजीत या चवीला एक शब्द लावतात, रोस्टी. कार्डावरही तोच. पण चकलीची भाजणी ज्यांनी केली आहे, निदान करताना पाहिली आहे, त्यांना ठाऊक आहे की भाजण्याला एक टोक असतं. त्याच्या अलीकडे धान्य खरपूस असतं, घरभर खमंग वास सुटतो. त्याच्या पलीकडे अर्धं मिनिट गेलं की करपट. दोन्ही भाजलेलंच, पण एकाची चकली होते आणि दुसरं टाकून द्यावं लागतं. ‘रोस्टी’ या शब्दात हे दोन्ही मावतात, म्हणून तो समीक्षेला निरुपयोगी आहे. खरपूस आणि करपट या जोडीत मात्र निवाडा आधीच बसलेला आहे. चांगली स्टाउट खरपूस असते. घोट गेल्यावर कोको, कॉफी, भाजलेल्या पोळीची कड असं काहीतरी मागे राहतं. फसलेली स्टाउट करपट असते आणि घशाशी राखेसारखी चिकटते. काळ्या बिअरला ‘जरा कडक आहे, सवय लागते’ असं म्हणून वेळ मारून नेतात ना, त्यांना सरळ विचारा, खरपूस आहे की करपट?

असे शब्द आणखी आहेत. बिअर मचूळ लागते, सपक लागते, म्हणजे माल्ट कमी पडलं किंवा फेस गेला. तुरट लागते. चहाची पत्ती जास्त उकळली की येतो तसला तुरटपणा, आणि कारणही त्याच जातीचं, धान्याच्या फोलातला तुरटपणा गरम पाण्यानं जास्त खेचून काढला गेला. हॉप्स जुने झाले की बिअर खवट वासाची होते. डबा नीट बंद न झाल्यानं हवा आत गेली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नवरच्या बटरसारखा वास आला तर तो डायअसेटिलचा. यीस्ट हे द्रव्य आधी तयार करतं आणि वेळ दिला तर स्वतःच परत शोषून घेतं. म्हणजे बटरचा वास हा बहुतेक वेळा घाईचा पुरावा असतो, टाकी लवकर रिकामी केली. ब्रूअर लोकांनी १९७० च्या दशकातच अशा चवींचं एक चक्र तयार केलं, मॉर्टन मेलगार्ड या शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं, एका कारखान्यातल्या माणसाचं म्हणणं दुसऱ्या कारखान्यात नीट कळावं म्हणून. त्या चक्रात दोषांची नावं भरपूर आहेत. मेन्यूकार्डानं नेमकी तेवढीच गाळली.

कडूपणाचं काय? आयपीए प्यायला लागलं की पहिला शब्द हाच. पण आपल्याकडे मेथीही कडू आणि कारलंही कडू. मेथीचा कडूपणा येतो, भूक चाळवतो आणि जातो. कारल्याचा मागे रेंगाळतो. चांगल्या आयपीएचा कडूपणा मेथीच्या जवळचा असावा असं आमचं मत आहे. कुणाला कारलंच आवडत असेल तर भांडण नाही. आणि त्या ‘ग्रेपफ्रूट’ची गोष्ट. आपल्यापैकी किती जणांनी ग्रेपफ्रूट खाल्लंय? पण पपनस कोकणात गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कॅस्केड नावाच्या हॉप्सचा वास पपनसाची जाड साल सोलताना येणाऱ्या वासाच्या अगदी जवळ जातो. मग पपनस म्हणायला काय हरकत आहे?

आयपीएवरून आठवलं, तिच्या जन्माची कथा जवळपास प्रत्येक कार्डावर असते. साधी बिअर हिंदुस्थानपर्यंत टिकत नव्हती, म्हणून एका इंग्रज ब्रूअरनं जास्त हॉप्स घालून खास नवी बिअर शोधली, वगैरे. कथा छान आहे, पण खरी नाही. लंडनच्या बो भागातली हॉजसनची ब्रूअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होती, आणि हॉजसन जहाजाच्या कप्तानांना लांब मुदतीची उधारी देत असे. माल जायचा त्याचं हे मोठं कारण. काळी पोर्टरही तोच प्रवास करून इथे व्यवस्थित पोचत होती. गोऱ्या शिपायांची बिअर तीच. १८२० च्या दशकात बर्टनच्या ब्रूअरींनी या व्यापारात हात घातला, आणि ‘इंडिया’ हे नाव त्यानंतर रूढ होत गेलं. आज आपण पितो त्या आयपीएचा वास तर लंडनचाही नाही, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्याच्या हॉप्सचा आहे. नावात इंडिया आहे एवढ्यावर भारावून जायचं कारण नाही.

खरा देशी धागा हवा असेल तर दुसरा देतो. पुण्यात २००९ साली डूलाली नावाची मायक्रोब्रूअरी सुरू झाली. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा. तिथल्या लष्करी छावणीत इंग्रज शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत पडून असत, आणि कंटाळून डोकं फिरलेल्याला ते म्हणत ‘डूलाली टॅप’. हा टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप!

आता कोकम आणि आंब्याबद्दल बोलायला हवं, कारण स्थानिक चवीची बिअर हा सध्याचा मोठा आग्रह आहे. आम्ही त्याच्या विरोधात नाही, पण दोन्ही एका मापानं मोजू नका. गोझ नावाची एक जुनी जर्मन बिअर आहे, गॉस्लार आणि लाइपझिगकडची. ती मुळातच आंबट, तिच्यात मीठ आणि धने. अशा बिअरमध्ये कोकम घातलं तर ते घरच्यासारखं बसतं, कारण आंबट-खारट ही कोकम सरबताचीच चौकट आहे. आंब्याचं तसं नाही. आंब्याचा मोठेपणा गोडव्यात आहे, आणि आंबवताना ती साखर यीस्ट खाऊन टाकतं. उरतो आंबटसर, डिंकासारखा वास. तो झाकायला मागून रस नाहीतर इसेन्स घालायचा, की ग्लासात बिअर राहत नाही, सरबत होतं. हापूसचं नाव घातलं की गिऱ्हाईक येतं हे खरं, पण कार्डावरचं फळ बघून नव्हे, ते त्या बिअरमध्ये का आहे ते विचारून मागवा. उत्तर देता येणारा ब्रूअर भेटला तर आनंदानं दोन तास बसा.

हे सगळं करून पाहायचं असेल तर पद्धत सोपी आहे. छोट्या ग्लासांचा ट्रे मागवा, चार पुरेत. हलकीपासून सुरू करा, काळी आणि जास्त कडू शेवटी. प्रत्येकीचा पहिला घोट घेऊन ग्लास खाली ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. गारवा उतरला की लपलेला दोष वर येतो, गुणही येतो. कार्ड उलटं ठेवा. मध्ये साधे शेंगदाणे खा, मसाला पापड नको. आणि ब्रूअरीत पिल्सनर असेल तर ती वगळू नका. तिच्यात फळ नाही, मसाला नाही, भाजलेलं धान्य नाही, लपायला काही जागाच नाही. दोन ग्लास पिल्सनर नीट करून देणाऱ्या ब्रूअरीच्या फणसाच्या बिअरवर आम्ही विश्वास ठेवू. उलट मात्र नाही.