'स्कम'च्या दोन बाजू

नेपाम डेथ या इंग्लिश बँडचे नाव मेटल न ऐकणाऱ्यांच्या कानावर पडते ते एका विक्रमामुळे. त्यांचे 'यू सफर' हे गाणे १.३१६ सेकंदांचे आहे आणि सर्वांत छोटे ध्वनिमुद्रित गाणे म्हणून गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. चार शब्दांचा एक प्रश्न, एक आघात, संपले. लोक हसतात, दुसऱ्याला ऐकवतात, आणि बँडची ओळख तिथेच आटोपते. या बँडच्या घरात शिरायला यापेक्षा वाईट दार नाही. मुळात हे गाणे एका बाजूचा शेवट आहे. आधीची अकरा गाणी ऐकून त्याच्यापाशी आलेला श्रोता हसत नाही, निदान तसे हसत नाही.

ती बाजू म्हणजे १९८७ साली नॉटिंगहॅमच्या इअरेक रेकॉर्ड्सने काढलेल्या 'स्कम' या पहिल्या अल्बमची पहिली बाजू. 'स्कम' म्हणजे पाण्यावर तरंगणारी मळी. माणसांविषयी वापरला की तो शब्द शिवी होतो. अठ्ठावीस गाणी, सुमारे तेहतीस मिनिटे. ग्राइंडकोर नावाचा प्रकार या तबकडीपासून मोजतात. ती ऐकायची कशी, एवढाच इथे माझा प्रश्न आहे. कारण 'हा नुसता गोंगाट' म्हणणारे आणि 'वा, काय वेग' म्हणणारे दोघेही माझ्या मते एकच गोष्ट ऐकत असतात, आणि ती या अल्बममधली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे.

बँड सुरू झाला १९८१ मध्ये, बर्मिंगहॅमजवळच्या मेरिडेन गावात, शाळकरी वयाच्या निक बुलन आणि माइल्स रॅटलेज यांच्यापासून. याच मेरिडेनमध्ये ट्रायम्फ मोटारसायकलींचा कारखाना होता. तो कामगारांनी सहकारी तत्त्वावर चालवायला घेतला होता आणि १९८३ मध्ये तो बुडाला. असे तपशील हाती आले की समीक्षकाला मोह होतो: यंत्रांचा खडखडाट, बेकारी, म्हणून असे संगीत. बर्मिंगहॅमच्याच ब्लॅक सॅबथविषयी हे इतक्यांदा लिहून झाले आहे की आता त्यातून काही कळत नाही. नेपाम डेथचा खरा वारसा क्रॅस या बँडभोवती वाढलेल्या अराजकवादी पंक चळवळीचा आहे. हाताने लिहून, छायाप्रती काढून वाटलेली पत्रके, टपालाने देशोदेशी फिरणाऱ्या कॅसेटी, युद्धविरोध, शाकाहार, कंपन्यांवरचा राग. साठच्या दशकातली आपली सायक्लोस्टाइल केलेली लघुअनियतकालिके ज्यांनी हाताळली असतील त्यांना ही हवा ओळखीची वाटेल. छपाई वाईट असणे हा तिथेही केवळ नाइलाज नव्हता.

पहिली बाजू ऑगस्ट १९८६ मध्ये बर्मिंगहॅमच्या रिच बिच स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली, अगदी थोड्या पैशांत. गाणारा आणि बेस वाजवणारा बुलन, गिटारवर जस्टिन ब्रॉडरिक, ड्रमवर मिक हॅरिस. सुरुवात होते 'मल्टिनॅशनल कॉर्पोरेशन्स'ने, आणि ही सुरुवात संथ आहे. मिनिटभर गिटारचा घोंघावता आवाज, झांजांची सळसळ, त्यावर घशातून ओढून काढलेले शब्द. जगातल्या सर्वांत वेगवान म्हणवल्या जाणाऱ्या बँडने पहिले मिनिट असे घालवावे, हा अपघात नाही. पुढे 'द किल' अर्ध्या मिनिटाच्या आत उरकते. शीर्षकगीत मध्यम लयीतल्या रिफने सुरू होऊन मग सुटते. 'सीज ऑफ पॉवर' जवळजवळ चार मिनिटे चालते. म्हणजे लांबी सतत बदलते, लयही. कोणत्याही दोन लागोपाठच्या गाण्यांवरून तिसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

आता त्या वेगाविषयी. हॅरिस वाजवतो त्याला ब्लास्ट बीट म्हणतात: पायाचा बास ड्रम आणि हाताचा स्नेअर आलटूनपालटून, सारख्या अंतराने, हाताला झेपेल तेवढ्या जलद. आपल्याकडे द्रुत लय कितीही चढली तरी सम हरवत नाही. किंबहुना सम सांभाळली जाते म्हणूनच द्रुताची मजा. ब्लास्ट बीटमध्ये सगळे आघात सारखे होतात, आणि कोणता आघात पहिला हे काही सेकंदांतच कानाला सांगता येईनासे होते. मग एक विलक्षण गोष्ट घडते. संगीत धावतेय असे वाटणे थांबते आणि ते जागच्या जागी थरथरतेय असे वाटू लागते, भिंगरी वेगात स्थिर दिसते तसे. पुढे सरकण्याची जाणीव येते ती संथ भागात, रिफ जड पावलांनी परत येते तेव्हा. वेगात हे संगीत थांबते आणि संथपणात चालते. एवढे एकदा कानाला पटले की पहिल्या बाजूचा नकाशा उलगडतो, आणि शेवटी येणारे ते सव्वा सेकंद कुठून आले तेही कळते: थांबलेला वेग आणखी दाबत नेला की एवढाच उरतो.

दुसरी बाजू मे १९८७ ची. मधल्या काळात बुलन आणि ब्रॉडरिक बाहेर पडले होते. गायनाला ली डोरियन, गिटारला बिल स्टीअर, बेसला जिम व्हाइटली आले. दोन्ही बाजूंना समान माणूस एकच, हॅरिस. एका अल्बमच्या दोन बाजूंवर दोन वेगळे बँड, ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. मला दुसरी बाजू कमी वाटते, आणि चाहत्यांमध्ये हे मत फारसे लोकप्रिय नाही. सोळा गाणी आहेत. गिटार अधिक खोल, अधिक घट्ट. डोरियनचा आवाज खालच्या गुरगुरीपासून किंचाळीपर्यंत सहज जातो. पण चढउतार कमी. थरथर आहे, चाल नाही. ब्रॉडरिक पुढे गॉडफ्लेशमध्ये जवळजवळ केवळ संथपणावर उभा राहिला, हे लक्षात घेतले तर पहिल्या बाजूचे वजन कुठून येत होते ते कळते.

शब्दांचा प्रश्न टाळता येणार नाही. जेफ वॉकरने काढलेल्या मुखपृष्ठावर सुटाबुटातली माणसे, उपासमारीने खंगलेली माणसे, कवट्या आणि बड्या कंपन्यांची नावे आहेत. गीते याच विषयांची आहेत. पण ती ऐकून एक शब्द कळत नाही. मग हे राजकारण कुणासाठी? हा आक्षेप खरा आहे आणि 'आवाज हाच निषेध' हे त्यावरचे नेहमीचे उत्तर आळशी आहे. त्या न्यायाने कुठलाही आरडाओरडा निषेध ठरेल. मला वाटते, या अल्बममध्ये शब्द वाचायचे असतात. कागदावरची साधी, कित्येकदा बाळबोध वाक्ये आधी डोळ्यांखालून जातात आणि मग तीच वाक्ये घशात अडकलेली ऐकू येतात. ती नीट गायली असती तर घोषणा झाली असती, आणि घोषणा ऐकून माणूस मान डोलावतो. इथे मान डोलावता येत नाही, वाक्य पुन्हा वाचावे लागते.

सप्टेंबर १९८७ मध्ये बीबीसीच्या रेडिओ १ वर जॉन पीलसाठी बँडने ध्वनिमुद्रण केले. पील त्यांचा उघड चाहता होता. मग १९८८ मध्ये आला दुसरा अल्बम, 'फ्रॉम एन्स्लेव्हमेंट टू ऑब्लिटरेशन'. ब्रिटनमधल्या स्वतंत्र कंपन्यांच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. बेसवर आता शेन एम्बरी, आणि त्याचा चरचरणारा बेस गिटारच्या खाली दुसरी गिटार असल्यासारखा वाजतो. त्यातले 'इव्हॉल्व्ड ॲज वन' हे पहिले गाणे तीन मिनिटांहून थोडे मोठे आहे आणि शेवटपर्यंत रांगत जाते. ब्रॉडरिक गेला, पण त्याने ठेवलेला धडा बँडने गिरवला होता. पुरुषी अरेरावीवरचे 'इट्स अ एम.ए.एन.एस. वर्ल्ड!' त्या रांगण्यानंतर लगेच कोसळते, आणि ते कोसळणे त्या तीन मिनिटांशिवाय अर्ध्यानेही लागले नसते.

नव्याने ऐकणाऱ्याने म्हणून 'स्कम'ची पहिली बाजू मध्ये न थांबता ऐकावी, मग थेट हा दुसरा अल्बम, आणि 'स्कम'च्या दुसऱ्या बाजूला नंतर यावे. गाणी वेगळी काढून, उलटसुलट क्रमाने मुळीच ऐकू नयेत. आजचे फोन नेमके तेच करायला लावतात. १९८९ मध्ये डोरियन आणि स्टीअर गेले, एक कॅथीड्रलकडे, दुसरा पूर्णवेळ कारकसकडे. १९९० चा 'हार्मनी करप्शन' फ्लोरिडातल्या मॉरिसाउंड स्टुडिओत झाला; स्नेअरचा प्रत्येक आघात त्यात सुटा ऐकू येतो, गाणी लांब आहेत, आणि आघात सुटे ऐकू आल्यामुळेच सम पुन्हा सापडते.