दर्या, दऱ्या आणि कळफलक

शाळेत डिजिटल साधने आली की चर्चा त्यांच्या संख्येची होते. किती वर्गांत प्रोजेक्टर, किती टॅब, वीज आहे की नाही, रेंज मिळते की नाही. हे प्रश्न खरेच आहेत आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तर ते आधी विचारले पाहिजेत. पण बोईसर-तारापूर भागात मराठी शिकवताना मला सतत पडणारा प्रश्न वेगळा आहे. या साधनांमुळे मुलांचे लिहिणे कसे बदलले? त्याचे उत्तर भिंतीवरच्या पडद्यावर सापडत नाही, त्यासाठी मुलांची वही उघडावी लागते. प्रस्तुत लेखात मी ती उघडणार आहे.

१

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. पश्चिमेला डहाणू, तारापूर, सातपाटी ही समुद्रकाठची गावे. मध्ये रेल्वेमार्ग आणि त्याला लागून बोईसरची औद्योगिक वसाहत. पूर्वेला सह्याद्रीच्या कुशीतले जव्हार, मोखाडा. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झाले, पुढे कारखाने वाढले आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली कुटुंबे इथे स्थिरावली. त्यामुळे बोईसरच्या एखाद्या वर्गात घरी वारली, मांगेली, वाडवळी, भोजपुरी किंवा ओडिया बोलणारी मुले शेजारी शेजारी बसलेली असतात. पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी यांपैकी अनेकांची दुसरी भाषा आहे, काहींची तर तिसरी.

अशा वर्गात साधने टप्प्याटप्प्याने आली. 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावच्या शाळा लोकवर्गणीतून ‘डिजिटल’ होऊ लागल्या. 2017 पासून ‘दीक्षा’ आणि पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड आले. 2020 च्या टाळेबंदीने उरलेले काम केले आणि बापाच्या खिशातला फोन मुलाच्या हातात आला. या सगळ्या साधनांचा स्वभाव एक आहे. ती दाखवतात, ऐकवतात, चार पर्यायांतून एक निवडायला सांगतात. वाक्य रचायला मात्र सांगत नाहीत. लेखनाचे खरे डिजिटल साधन म्हणून मुलाला मिळाला तो फोनचा कळफलक. तो कसा वापरायचा हे कोणत्याही अभ्यासक्रमाने त्याला शिकवले नाही.

यातली विसंगती दहावीच्या पत्रलेखनात उघड दिसते. आता पत्र ई-मेलच्या प्रारूपात लिहायचे असते, पण परीक्षा कागदावरच असते. तेव्हा मूल पेनने ई-मेल लिहिते, पत्त्यातले ‘ॲट’चे चिन्ह गोल वळवून काढते आणि गुण मिळवते. साधन अभ्यासक्रमात आले ते एक आकार म्हणून. लिहिण्याची रीत म्हणून त्याला अजून जागा मिळालेली नाही.

२

शैक्षणिक साधन चांगले की वाईट, हे ठरवायचे कसे? त्यासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या आणि 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. या दोघींनी माँटेसोरीची पद्धत मानली, पण तिची महागडी साधने जशीच्या तशी उचलली नाहीत. त्या जागी त्यांनी परिसरातले खडे, शिंपले, बिया, पाने आणली. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळाच कुरणावर नेली. मुलाने साधनापर्यंत चालत यायचे की साधनाने मुलापर्यंत जायचे, या प्रश्नाचे उत्तर कोसबाडने असे कृतीने दिले. कोसबाडची ही पहिली कसोटी.

दुसरी कसोटी माँटेसोरीच्या विचारातच आहे. तिच्या लाकडी ठोकळ्यांच्या साधनात प्रत्येक दांडगोल आपापल्याच खाचेत नीट बसतो. चुकीच्या खाचेत घातला तर तो सैल राहतो, आत जात नाही किंवा शेवटी एक ठोकळा उरतो. बाईंना काही बोलावे लागत नाही. मुलाला आपली चूक दिसते आणि ते स्वतःच्या हाताने ती दुरुस्त करते. साधनाचे खरे शिकवणे या ‘दिसण्या’त आहे.

फोनचा कळफलक याच्या नेमका उलट वागतो. चूक मुलाला दिसण्याआधीच तो ती पुसून टाकतो. माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो मुळावरचा आहे.

३

आमच्या जिल्ह्यापुरते एक उदाहरण घेऊ. किनाऱ्यावरच्या मुलाच्या लेखनात ‘दर्या’ येतो, डोंगराकडच्या मुलाच्या लेखनात ‘दऱ्या’ येतात. एकात र वर जाऊन रफार होतो, दुसऱ्यात तो आडवा होऊन य ला चिकटतो. उच्चारही वेगळा: ‘दर्या’ म्हणताना पहिल्या अक्षरावर आघात येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही. हा भेद मराठीने हौसेने जपलेला आहे. बहुतेक मुले मात्र फोनवर रोमन अक्षरांतून मराठी लिहितात. तिथे दोन्ही शब्दांसाठी डी, ए, आर, वाय, ए हीच पाच अक्षरे दाबायची. मग वरच्या पट्टीत सूचना येतात आणि बोट जवळच्या सूचनेवर पडते. समुद्र की डोंगर, हा निर्णय मूल घेतच नाही.

ल आणि ळ, न आणि ण, ऱ्हस्व आणि दीर्घ यांचे तेच होते. रोमन लिपीत हे भेद सहज मावत नाहीत, म्हणून ते यंत्र आपल्या अंदाजाने भरते. अंदाज बरोबर आला तर शब्द शुद्ध दिसतो. शिक्षकाला वाटते मुलाला शुद्धलेखन आले. त्याच मुलाने तेच वाक्य वहीत लिहिले की ‘पाणी’चा ‘पानी’ होतो आणि घरचे बोलणे पुन्हा वर येते. ही वही मला फोनपेक्षा जास्त उपयोगी वाटते, कारण त्या मुलाला काय शिकवायचे आहे हे ती सांगते. फोनवरच्या स्वच्छ परिच्छेदाने ती माहिती लपवलेली असते.

इथे इनस्क्रिप्ट कळफलकाची बाजू घ्यावीशी वाटते. त्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने आहेत. क आणि ख एकाच कळीवर, तसेच र आणि ऱ एकाच कळीवर, फरक शिफ्टचा. ‘दऱ्या’ लिहायचे तर ऱ हवा आहे हे आधी माहीत असावे लागते. शिकायला आठवडा-दोन आठवडे जास्त जातात खरे, पण त्या काळात मूल वर्णमालाच नव्याने शिकते. चुकीची कळ दाबली की पडद्यावर चुकीचे अक्षर उमटते. ठोकळा खाचेत बसला नाही, हे दिसते.

४

आवाजावरून लिहिण्याची सोय मराठीत 2017 मध्ये आली. लेखनाला घाबरणाऱ्या, पण बोलायला न घाबरणाऱ्या मुलांसाठी मी तिच्याकडे फार आशेने पाहिले. आमच्याकडची मुले गोष्ट सुंदर सांगतात. अडचण तिच्या कानांची आहे. हे कान प्रमाण भाषेवर घडलेले आहेत. आमच्याकडे भाताची ‘आवणी’ होते, शेताआधी ‘राब’ भाजतात, समुद्रात ‘डोल’ टाकतात, दिवाळीच्या सुमारास ‘तारपा’ वाजतो. यंत्र जास्त वापरातल्या शब्दाकडे झुकते, म्हणून असे शब्द त्याच्या हाती पडले की शेजारच्या, ओळखीच्या शब्दात बदलण्याचा धोका राहतो. ‘आवणी’ची ‘लावणी’ झाली तर अर्थ फारसा बिघडत नाही, हे मान्य. पण ते वाक्य आता त्या मुलाच्या शेतातले राहत नाही.

न्याय करायचा तर हे काम यंत्राने सुरू केलेले नाही. लाल शाईने पिढ्यान्‌पिढ्या तेच केले. फरक असा की लाल रेघ दिसत होती. मूल तिच्यावर रागावू शकत होते, धीट असेल तर ‘आमच्यात असंच म्हणतात’ असे सांगू शकत होते. न दिसणाऱ्या दुरुस्तीशी वाद घालता येत नाही.

2022 च्या अखेरीस आलेल्या, सांगाल तो निबंध लिहून देणाऱ्या यंत्रांबद्दल सध्या घबराट आहे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असा विषय दिला की घरून एकसारखे, गुळगुळीत निबंध येतात. पण बाजारातल्या मार्गदर्शिकांतून तेच निबंध आधीही येत होतेच. दोष प्रश्नाचा आहे. ज्या विषयाचे उत्तर कोणीही, कुठूनही लिहू शकतो, ते उत्तर यंत्रही लिहिणार. तुमच्या पाड्यावर मे महिन्यात पाणी कोण आणते, पाळी बदलताना कारखान्याच्या दारात काय काय ऐकू येते, मासळी बाजारातून आलेली आजी सगळ्यात आधी काय करते, हे विचारले की मुलाला स्वतःकडे जावेच लागते.

५

मग ही साधने वर्गाबाहेर ठेवायची का? तसे म्हणणे कोसबाडच्या विचाराला धरून होणार नाही. साधन मुलाच्या गरजेप्रमाणे वळवायचे, हा तो विचार. माझ्या वर्गात टिकलेली एक रीत सांगतो. पहिला खर्डा वहीतच, हाताने. त्यातल्या एका वहीच्या पानाचा फोटो, लिहिणाऱ्याला विचारून, भिंतीवर दाखवायचा. दुरुस्ती कोणी करायची नाही. वाचताना आपण कुठे अडखळलो, एवढेच वर्गाने सांगायचे. शब्द बदलायचा की ठेवायचा, हे ज्याने लिहिले त्याने ठरवायचे. एकदा ‘आवणी’वर असाच अर्धा तास गेला. किनाऱ्यावरच्या मुलांना तो शब्द नवा होता. लिहिणाऱ्या मुलीने तो ठेवला आणि पुढे एक वाक्य घातले: चिखलात वाकून एकेक रोप खोचणे म्हणजे आवणी. लाल शाईने आणि सूचनांच्या पट्टीने हे वाक्य तिच्याकडून कधीच लिहवून घेतले नसते.

त्यानंतर टंकलेखन, सूचना बंद ठेवून. आधीचे खर्डे जपून ठेवणारी सोय असेल तर ती जरूर वापरावी. आपले वाक्य तीन आठवड्यांत कसे बदलले हे मुलाला पाहता येणे, ही कागदाला न जमणारी गोष्ट आहे. आवाजाची सोयही वापरावी. मात्र मुलाची गोष्ट ध्वनिमुद्रित करावी आणि अक्षरांत त्यानेच उतरवावी. या सगळ्याला एक फोन आणि एक पांढरी भिंत पुरते. त्यासाठी प्रत्येक मुलाच्या हातात टॅब असण्याची वाट पाहावी लागत नाही.

कळफलकाच्या पट्टीत जगातले बहुतेक शब्द आयते मिळतील. लेखन शिकणे म्हणजे त्यांतला आपला कोणता, हे ठरवायला शिकणे. त्या ठरवण्याला वेळ लागतो, चुका लागतात, आणि त्या चुका डोळ्यांसमोर राहाव्या लागतात. शाळेची तपासणी करणाऱ्यांनी पडदे जरूर मोजावेत. पण जाण्याआधी एखाद्या मुलाचा पहिला खर्डा आणि शेवटचा खर्डा मागून घ्यावा, आणि दोन्हींच्या मधला प्रवास कोणी केला, मुलाने की यंत्राने, हे पाहावे.