टाळेबंदीचे वाङ्मय आणि दोन गावांचे घर

२०२० सालच्या टाळेबंदीवर मराठीत रोजनिश्या, ललितलेख, कविता आणि कथा ह्यांचे जे पीक आले, त्यातील बरेचसे आम्ही आस्थेने वाचले आहे. लिहिणारांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु असे दहावीस लेख ओळीने वाचल्यावर एक गोष्ट खटकू लागते, ती ही की, ह्या सर्व लेखांतील घर एकच आहे. त्याला गॅलरी आहे. त्या गॅलरीत एक पक्षी येऊन बसतो. गृहस्थ जन्मात प्रथमच भांडी घासतो आणि त्या पराक्रमाचे वर्णन दीड पान करतो. दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा लागते. आणि अखेरीस कुटुंब ‘पुन्हा एकत्र’ आल्याचा साक्षात्कार होतो.

हे खोटे आहे असे नव्हे. मात्र सातारा-सांगलीकडच्या वाचकाने ‘ह्यात आमचे घर कोठे आहे?’ असे विचारले, तर त्याला द्यावयास उत्तर नाही. पाटण, जावळी, माण, खटाव, खानापूर, आटपाडी ह्या तालुक्यांतील किती तरी घरे एका छपराखाली मावणारी कधी नव्हतीच. पाटण-जावळीचा माणूस मुंबईच्या बाजारात माथाडीचे ओझे वाहतो. खानापूर-आटपाडीचा गलाईवाला सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगलेला. म्हातारी माणसे, शेत आणि कुलदैवत गावी. घर एकच, फक्त त्याच्या चुली दोन ठिकाणी. ‘असाल तेथेच राहा’ ही २४ मार्च २०२० च्या रात्रीची आज्ञा अशा घराला लागू झाली, तेव्हा ते एकत्र आले नाही. मधोमध चिरले गेले.

येथे जुन्या साथीची आठवण उद्बोधक ठरेल. प्लेगच्या दिवसांत गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहण्याची आपल्याकडे रीत होती. वास्तू ओस पडे, पण कुटुंब बहुधा मिळून बाहेर पडे. २०२० चा नियम नेमका उलटा: वास्तू सोडू नका, मग तुमचे माणूस कोठेही अडकलेले असो. ज्या लेखकाला साथीच्या काळातील नातेसंबंधांवर लिहावयाचे आहे, त्याने ह्या उलटापालटीवर क्षणभर तरी थांबावयास हवे होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त प्लेगचे दिवस येतात, ते आजही जिवंत वाटतात, कारण त्या बाईंची नजर स्वतःच्या मनःस्थितीपेक्षा समोरच्या माणसांवर अधिक आहे.

मे महिन्यात मुंबई-पुण्याची माणसे परवाने काढून गावाकडे निघाली. कोणाला शिरवळला, जिल्ह्याच्या हद्दीवर, अडविले गेले. कोणी पोचले, तर गावच्या शाळेत १४ दिवस. आईने डबा फाटकाशी ठेवायचा आणि मागे सरायचे. ज्याने दर वर्षी जत्रेची वर्गणी धाडली, देवळाच्या कळसाला हात सैल सोडला, त्यालाच ‘आता येऊ नकोस’ असा निरोप जावा, आणि निरोप देणारांत त्याचा सख्खा चुलता असावा! ह्या चुलत्याला खलपुरुष ठरविणे फार सोपे आहे, आणि जे थोडे लेखक ह्या विषयाकडे वळले त्यांच्याही हातून ते होण्याचा संभव आहे. पण चुलत्याच्या घरात ऐंशीची म्हातारी आहे, आणि ती त्या मुलाचीही आजीच आहे. कथा येथे सुरू होते.

शिवाय ती भीती पोकळ नव्हती. सांगली जिल्ह्यातील त्या वेळच्या इस्लामपुरात मार्चच्या चौथ्या आठवड्यात परदेशाहून परतलेल्या चौघांना लागण झाल्याचे उघड झाले. आठवडा संपण्यापूर्वीच तो आकडा विसाच्या वर गेला, आणि त्यांतील बहुतेक एकाच गोतावळ्यातील होते. माया ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने रोग गेला. ह्याहून करुण वस्तू कोणत्या कादंबरीकाराला हवी?

‘अनुभव अजून ताजा आहे, अंतर पडू द्या,’ असे कोणी म्हणतील. म्हणोत. डॅनियल डिफो ह्या इंग्रज ग्रंथकाराने १६६५ च्या लंडनमधील प्लेगवरचे आपले पुस्तक १७२२ साली प्रसिद्ध केले. साथीच्या वेळी तो जेमतेम पाच वर्षांचा होता. घरात एक माणूस आजारी पडला की सारे घर बाहेरून बंद करून दारावर पहारेकरी बसवीत, निरोगी माणसेही आतच कोंडली जात. डिफोचा निवेदक ह्या रीतीला नावे ठेवतो, तिची बाजूही मांडतो, आणि पहारेकऱ्याला चकवून लोक कसे निसटत तेही चवीने सांगतो. गॅलरीत बसून हे साधत नाही. त्याने कागदपत्रे धुंडाळली, ऐकीव गोष्टी पारखल्या. आमच्याकडे तर साक्षीदार अजून हयात आहेत.

आणि हकीकत टाळेबंदीबरोबर संपलीही नाही. सांगलीच्या शेजारी, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड हे गाव आहे. साथीत तरुण माणसे गेल्यावर मागे राहिलेल्या स्त्रियांचे हाल पाहून तेथील ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे करण्यास सांगितले. ठरावाची बातमी सर्वांनी छापली. पण ज्या सासूच्या बांगड्या पूर्वी फोडल्या गेल्या होत्या, तिला सुनेच्या हातांतील बांगड्या तशाच राहिलेल्या पाहताना काय वाटले, हे सांगणारी कथा आमच्या वाचनात अद्याप आलेली नाही.